मेटलर्जीला प्रवेश: मार्क असतात, कागद नसतात

पुण्यात मेटलर्जी म्हणजे धातुशास्त्राची अभियांत्रिकी शिकायच्या मुख्य वाटा दोन. बारावीनंतर एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन कॅपमधून (केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) सीओईपी हे अभियांत्रिकी विद्यापीठ, किंवा दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा आणि पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. बारावीला फिजिक्स-गणित हवंच. विषयगटात खुल्या प्रवर्गाला 45 टक्के, राखीवला 40. सीईटी नुसती पीसीबीची (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीची) दिली असेल तर विषय संपला. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल बहुतेकांकडे असतंच.

घोडं अडतं जात पडताळणीपाशी. जातीचा दाखला वेगळा आणि तो खरा असल्याचं समितीचं प्रमाणपत्र, म्हणजे पडताळणी, वेगळी, हे सांगून दर जूनमध्ये घसा बसतो. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. आजोबा शाळेची पायरीच चढले नसतील तर पोरानं दाखला आणायचा कुठून? मग तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधायची आणि ती मोडी लिपीत निघाली की वाचणारा गाठायचा. भोसरीच्या एका मुलीला पणजोबांची नोंद अशीच मिळाली. पानाची कड कुरतडलेली, पण जातीचा रकाना शाबूत! त्या एका पानापायी तिच्या वडिलांनी गावाला चार खेपा घातल्या. म्हणून बारावीच्या निकालाची वाट बघू नका, अकरावीतच कॉलेजचं पत्र घेऊन जात पडताळणी समितीकडे अर्ज टाका. समितीच्या पावतीवर प्रवेशाची नोंदणी होते खरी, पण मूळ पडताळणी प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर मुलगा खुल्या प्रवर्गात जातो.

दुसरी खोच नॉन-क्रीमीलेअरची, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नसल्याच्या प्रमाणपत्राची. लोक त्याच्या मुदतीतलं '31 मार्च' वाचतात, पुढचं साल वाचत नाहीत. जून 2026 च्या प्रवेशाला 31 मार्च 2027 पर्यंत चालणारं प्रमाणपत्र हवं. उत्पन्नाच्या मर्यादेत पगार आणि शेती धरत नाहीत (आईवडील वर्ग एकचे अधिकारी असतील तर गोष्ट वेगळी), हे कधीकधी दाखले देणाऱ्या सेतू केंद्रातल्या माणसालाही आपणच सांगावं लागतं. ईडब्ल्यूएसवाल्यांनी (खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांनी) प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातलं आणावं. केंद्राच्या नमुन्यातलं घेऊन आलेले रांगेतूनच परत जातात.

राहिला कॅपच्या अर्जातला पसंतीक्रम. मेटलर्जी मनापासून हवी असेल तर तीच पहिली टाका. काकांच्या सांगण्यावरून वर कॉम्प्युटर टाकलं आणि ते लागलं, तर पहिली पसंती म्हणून जागा तिथेच गोठते. पुढच्या फेरीत बदलून मिळत नाही, कितीही रडलात तरी.