सॅन हुआन नदीवर कुटुंबासह राफ्टिंग: परवान्याचा अर्ज आणि तो नेमका कुठे अडतो

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातून सॅन हुआन नदी वाळवंटातल्या खोल दऱ्या कापत पश्चिमेकडे जाते. ब्लफ गावाजवळच्या सँड आयलंडपासून क्ले हिल्सपर्यंतचा 84 मैलांचा पट्टा मुलाबाळांसह काही दिवस नदीवर काढायला उत्तम आहे. रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचे टप्पे, बहुतेक दुसऱ्या (सोप्या) श्रेणीचे, थोडेच तिसऱ्या (मध्यम) श्रेणीपर्यंत जाणारे. रात्री वाळूच्या काठावर तंबू ठोकायचे. साहजिकच मागणी प्रचंड आहे, आणि परवाना बाराही महिने लागतो. तो ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, हे सार्वजनिक जमिनी सांभाळणारं सरकारी खातं देतं आणि अर्ज रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर होतो. गर्दीच्या हंगामातल्या तारखा सोडत काढून दिल्या जातात.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. हा परवाना कुटुंबाच्या नावावर नसतो. तो एका माणसाच्या नावावर, एका तारखेसाठी, नदीच्या एका ठरावीक पट्ट्यासाठी असतो. यातलं काहीही जुळलं नाही, तर बाकी पंधरा माणसांची तयारी चोख असूनही होडी पाण्यात उतरत नाही.

कोण अर्ज करू शकतं

अर्जदाराचं वय किमान 18 हवं. अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. मात्र अर्ज ज्याच्या नावाने, तो माणूस सहलीत हवाच. घरातल्या ज्याला फॉर्म भरायची सवय आहे त्याच्या खात्यातून अर्ज करायचा आणि प्रत्यक्षात दुसऱ्यानेच जायचं, हे चालत नाही. आयत्या वेळी ऑफिसातून सुटी मिळाली नाही म्हणून परवाना भावाच्या किंवा बायकोच्या नावावर करून मिळत नाही. म्हणून अर्ज अशाच माणसाने करावा, ज्याचं जाणं सगळ्यात पक्कं आहे. कुटुंबातल्या प्रत्येक प्रौढाने स्वतःच्या खात्यातून स्वतंत्र अर्ज करायला हरकत नाही. संधी वाढवायचा तोच सरळ मार्ग आहे.

नावाची गोष्ट मराठी घरांत हमखास अडकते. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं मधलं नाव, लायसन्सवर त्याचं फक्त आद्याक्षर आणि खात्यात घरचं हाक मारायचं नाव, असा प्रकार असतो. नदीवर रेंजर, म्हणजे तिथला तपासणी अधिकारी, परवानाधारकाचं फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र परवान्याशी ताडून बघतो. खातं उघडतानाच, जे ओळखपत्र बरोबर नेणार आहात त्यावरचं नाव अक्षरशः तसंच टाका. सोडत लागल्यावर ते दुरुस्त करून घेणं म्हणजे फोनवर ताटकळणं आलं.

आणखी एक अट लोक वाचतच नाहीत. हा परवाना खासगी, बिगरव्यावसायिक सहलीसाठी आहे. खर्च सगळ्यांनी समान वाटून घ्यायला मुभा आहे. पण कोणालाही मोबदला देऊन वल्ही मारायला आणलं, किंवा खर्चाहून जास्त पैसे गोळा केले, की सहल व्यावसायिक ठरते आणि तुमचा परवाना तिला लागू राहत नाही. ज्यांच्यात राफ्ट हाकण्याचा अनुभव असलेलं कोणीच नाही, त्यांनी सोडतीच्या वाटेला जाऊ नये. परवानाधारक व्यावसायिक कंपनीबरोबर जावं, तिथे सोडतीचा प्रश्नच येत नाही.

गटाची कमाल मर्यादा 25 माणसांची आहे. तान्हं बाळही त्यात एक माणूस धरलं जातं.

तारखेचा घोळ

गर्दीच्या हंगामासाठीची सोडत 1 डिसेंबर ते 31 जानेवारी या काळात खुली असते. अर्जाचे 6 डॉलर परत मिळत नाहीत. पहिल्याच दिवशी अर्ज केल्याने संधी वाढत नाही, तेव्हा 1 डिसेंबरला धावपळ नको. शेवटच्या रात्रीची तर नकोच, कारण वेळ तुमच्या गावची नव्हे, तिथल्या माउंटन टाइमप्रमाणे धरतात.

सगळ्यात मोठी गफलत वर्षाची होते. सॅन हुआनची जानेवारीत बंद होणारी सोडत लगेच येणाऱ्या हंगामाची असते. शेजारच्या ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनमधल्या राफ्टिंगची मुख्य सोडत फेब्रुवारीत होते, पण ती पुढच्या वर्षाच्या सहलींची असते. दोन्हींबद्दल एकदम वाचणारी माणसं एकीचा नियम दुसरीला लावतात आणि फेब्रुवारीत सॅन हुआनचा अर्ज शोधत बसतात. तोवर खिडकी बंद झालेली असते. कोणत्या नदीची, कोणत्या वर्षाची सोडत, हे कागदावर लिहून भिंतीला लावा.

दुसरी गफलत: सोडत लागली म्हणजे परवाना मिळाला असं समजणं. निकालाचा ईमेल आल्यावर ठरलेल्या मुदतीत खात्यात जाऊन तारीख स्वीकारावी लागते. ती मुदत उलटली की तारीख जाते. हा ईमेल जाहिरातींच्या कप्प्यात पडून राहिल्याने तारीख गमावलेली कुटुंबं थोडीथोडकी नाहीत. फेब्रुवारी उजाडला की ईमेलची वाट न बघता थेट खातं उघडून बघत जा.

पसंतीच्या तारखा भरताना प्रत्येक तारखेला खरोखर निघता येईल ना, हे आधी बघा. भरायची म्हणून भरलेली तारीखही लागू शकते. मे अखेरची मेमोरियल डेची सुटी सगळ्यांनाच हवी असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी निघायची तयारी असेल तर निदान त्या झुंबडीतून सुटका होते. मे-जूनमध्ये कोलोरॅडोतल्या पर्वतांवरचं बर्फ वितळून पाणी चांगलं असतं. उन्हाळा सरताना ते उतरतं. ब्लफच्या मोजणी केंद्रावर प्रवाह 500 क्युसेकच्या खाली गेला की भरलेली राफ्ट वाळूच्या पट्ट्यांवरून उतरून ढकलत न्यावी लागते. लहान मुलं असतील तर अशा पाण्यात जाऊ नका.

कोणता पट्टा, किती दिवस

सँड आयलंड ते मेक्सिकन हॅट हा वरचा पट्टा साधारण 27 मैलांचा, मेक्सिकन हॅट ते क्ले हिल्स हा खालचा साधारण 57 मैलांचा. वरच्या पट्ट्याच्या परवान्यावर मेक्सिकन हॅटच्या पुढे जाता येत नाही.

खालच्या पट्ट्यासाठी अर्जात तीन दिवस टाकणारे फसतात. लेक पॉवेल या खालच्या बाजूच्या धरणाच्या जलाशयाचं पाणी पूर्वी मागे पसरून साचलेला गाळ शेवटच्या टप्प्यात नदीभर आहे. तिथे प्रवाह मंदावतो, पात्र वाळूने भरलेलं असतं आणि दुपारचा वारा समोरून येतो. मुलांसह दिवसाला 10 ते 12 मैल हा हिशेब धरा, म्हणजे पाच ते सहा दिवस होतात. खालच्या भागातले काही मुक्काम परवान्याबरोबरच नेमून दिले जातात. एक दिवस मागे पडलात, तर तुमच्या जागी दुसरा गट आलेला असतो. क्ले हिल्सचा धक्का चुकवू नका, पुढे नदीत धबधबा आहे. आदल्या दिवशीच सगळ्या राफ्टवाल्यांना नकाशावर ती जागा दाखवून ठेवा. तिथून बाहेर पडणारा रस्ता कच्चा आहे आणि पावसानंतर गाडी अडकते. तुमची गाडी शेवटच्या धक्क्यावर आणून ठेवणाऱ्या शटलवाल्याशी ठरवताना पावसाचा एक जादा दिवस बोलून ठेवा.

डावा काठ: कोणाकडेच नसतो तो कागद

प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताचा, म्हणजे दक्षिणेचा, काठ नावाहो नेशनचा, म्हणजे नावाहो या मूळनिवासी जमातीच्या स्वशासित प्रदेशाचा, आहे. बीएलएमचा परवाना तिथे चालत नाही. त्या काठावर तंबू ठोकायचा किंवा चालायला उतरायचं, तर नावाहो नेशनच्या उद्यान विभागाची वेगळी परवानगी आणि वेगळं शुल्क लागतं. एकाच नदीच्या दोन काठांसाठी दोन कार्यालयं, दोन अर्ज आणि दोन मुदती. अर्जदाराला हे पहिल्याच पानावर ठळक सांगायला हवं. ते सांगितलं जात नाही, आणि मग दंड मात्र त्यालाच भरावा लागतो.

ही परवानगी एका दिवसात हाती पडेल असं धरू नका. तारीख स्वीकारली त्याच आठवड्यात अर्ज करा. ती नको असेल तर सगळे मुक्काम उजव्या काठावर आखा. होनाकर ट्रेल ही पायवाट आणि स्लिकहॉर्न व ग्रँड गल्च या बाजूच्या दऱ्या उजवीकडेच आहेत, त्यामुळे सहल अपुरी राहत नाही. पण मग ‘पाच मिनिटं सावलीला’ म्हणून डावीकडे उतरायचं नाही, हे मुलांनाही सांगून ठेवा.

सामान, जे कागदाइतकंच तपासलं जातं

नदीवर पाठवणी करताना रेंजर सामान बघतो, आणि कमी पडलं तर थांबवतो. वल्ही, हवेचा पंप, दुरुस्तीची पेटी, प्रथमोपचार, पाणी उपसायची बादली, फेकायची दोरी, कडा असलेला धातूचा अग्निपात्र-ट्रे हे बहुतेकांकडे असतं. प्रत्येक राफ्टला एक जादा वल्हं मात्र बरेच जण विसरतात. खरी अडचण दोन गोष्टींत येते.

पहिली लाइफ जॅकेट. युटात नदीवर 12 वर्षांपर्यंतच्या मुलांनी ते सतत अंगात घालायचं असतं, आणि या पट्ट्यावर मोठ्यांनीही तेच करावं. जॅकेट अमेरिकन कोस्ट गार्डने मान्य केलेलं आणि आतली पट्टी वाचता येणारी हवं. धुऊन धुऊन अक्षरं उडालेलं जॅकेट कितीही चांगलं असलं तरी मान्यता सिद्ध करता येत नाही. मुलांची मापं वयावर नव्हे, वजनावर ठरतात: 30 पौंडांखाली तान्ह्यांचं, 30 ते 50 पौंड लहान मुलांचं, 50 ते 90 पौंड किशोरांचं. डिसेंबरात अर्ज करताना 47 पौंडांचं असलेलं मूल जूनमध्ये 52 चं होतं आणि गेल्या वर्षीचं जॅकेट बाद होतं. निघण्याच्या दोन आठवडे आधी वजन करा. जॅकेट घालून, पट्टे आवळून, खांद्याला धरून मुलाला वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. फुगवायची जॅकेट खळाळत्या पाण्यासाठी नसतात, आणि दंडाला बांधायचे फुगे जॅकेटमध्ये मोजले जात नाहीत.

दुसरी गोष्ट शौचाची पेटी. मैला नदीकाठी पुरता येत नाही, सगळा बरोबर न्यावा लागतो. धुता येणारी, न गळणारी, घट्ट झाकणाची पेटी लागते. नुसत्या प्लास्टिकच्या पिशव्या दाखवल्या तर परत फिरावं लागतं. साध्या मापाची एक पेटी साधारण 50 वापरांना पुरते. आठ माणसं, पाच रात्री म्हणजे 40 वापर, हे कागदावर बसतं. पण उन्हात, वेगळ्या अन्नावर मुलांची पोटं बिघडतात. दुसरी पेटी घ्या. लघवी पेटीत करायची नाही, नाहीतर ती दोन दिवसांत भरते.

पाहुणी मुलं आणि छापील प्रत

भाच्या-पुतण्यांना त्यांच्या आईवडिलांशिवाय नेत असाल, तर उपचारांना संमती देणारं सही केलेलं पत्र आणि विम्याची प्रत बरोबर ठेवा. परवान्यासाठी हे कोणी मागत नाही. हात मोडल्यावर दवाखान्यात मात्र पहिला प्रश्न तोच येतो, आणि दरीतून आईवडिलांना फोन लागत नाही.

त्याच कारणाने परवाना, नावाहो परवानगी आणि माणसांची यादी छापून, सही करून, जलरोधक पिशवीत ठेवा. फोनमधल्या चित्रावर विसंबू नका.

सोडत लागली नाही तर

न स्वीकारलेल्या आणि रद्द झालेल्या तारखा त्याच संकेतस्थळावर पुन्हा दिसू लागतात. लहान गट आणि आठवड्याच्या मधल्या तारखेला निघायची तयारी असलेल्यांना त्या मिळतात. अशी तारीख दिसल्यावर माणसं जमवायला वेळ नसतो, म्हणून कोण कोण येणार आणि कोणाच्या खात्यातून घ्यायची, हे आधीच ठरलेलं हवं. तुम्हाला लागलेली तारीख जमत नसेल, तर जितक्या लवकर कळेल तितक्या लवकर रद्द करा. आदल्या आठवड्यात सोडलेली तारीख कोणाच्याच उपयोगी पडत नाही.