शूबरीनेसच्या चिखलातला सुरुंग

नोव्हेंबर १९३९ मध्ये टेम्स नदीच्या मुखाशी एकामागून एक जहाजे बुडत होती. जुना पाणसुरुंग जहाज आपटले की फुटे. त्याचा दोर कापला की तो वर तरंगे. हा नवा जर्मन सुरुंग मात्र तळाशी पडून राही. वरून लोखंडी जहाज गेले की चुंबकीय क्षेत्र किंचित बदलते, तेवढ्याने आतली सुई हलायची. तो चुंबकी असावा हा अंदाज ब्रिटिश नौदलाला होताच, कारण १९१८ मध्ये त्यांनी स्वतःच तसले सुरुंग वापरले होते. पण सुई नेमकी कशाने हलते हे कळल्याशिवाय उपाय करणार कसा?

२२ नोव्हेंबरच्या रात्री एका जर्मन विमानाने टाकलेला सुरुंग टेम्सच्या मुखाजवळच्या शूबरीनेस इथल्या उथळ पाण्यात पडला आणि ओहोटीला उघडा पडला. लेफ्टनंट कमांडर जॉन ऊव्हरी हे पोर्ट्समथच्या 'व्हर्नन' या नौदल तळावरचे सुरुंगतज्ज्ञ. २३ तारखेला दुपारी ते आणि चीफ पेटी ऑफिसर बाल्डविन चिखल तुडवत त्याच्याजवळ गेले. लोखंडी पाना जवळ नेणेही धोक्याचे, म्हणून खास पितळी हत्यारे तिथल्याच कारखान्यातून करून घेतली होती. आत सुमारे ३०० किलो स्फोटके.

लेफ्टनंट कमांडर लुईस आणि एक खलाशी दूर थांबून प्रत्येक पायरीची नोंद करत होते. ऊव्हरी गेलेच, तर दुसऱ्या सुरुंगावर बसणाऱ्याला कुठवर मजल गेली होती ते कळावे, एवढाच त्या टिपणांचा उपयोग. मला त्या दुपारचा सगळा थंडपणा या नोंदींतच दिसतो.

सुरुंग निकामी झाला. सुई जहाजाच्या उभ्या, म्हणजे वर-खाली दिशेच्या, चुंबकत्वावर चालते हे उलगडले. मग जहाजांभोवती केबल गुंडाळून, तीतून वीज सोडून ते चुंबकत्व मारले जाऊ लागले. डिसेंबरमध्ये राजे सहावे जॉर्ज यांनी 'व्हर्नन'वर येऊन ऊव्हरींना डीएसओ हा लष्करी सन्मान दिला.

जर्मनांनीही धडा घेतला: सुरुंग उघडणाऱ्यालाच उडवणारे सापळे आत बसू लागले. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनच्या पूर्वेकडील डॅगनममध्ये पॅराशूटने पडलेला सुरुंग निकामी करताना 'व्हर्नन'चेच रायन आणि एलिंगवर्थ मारले गेले. ऊव्हरी नव्वदी ओलांडून १९९३ मध्ये वारले.