पेशंटच्या पिशवीत ब्रश आहे का बघा

बेळगावात कुणी ॲडमिट झालं की निपाणी, खानापूर, चिकोडीकडनं पाव्हणे येतात, हातात शहाळं, मोसंबी, बिस्किटाचा पुडा. आमच्या आत्तीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आमच्या पिशवीतपण टॉवेल, तांब्या, थर्मास, दोन चादरी सगळं होतं, ब्रश तेवढा नव्हता. चौथ्या दिवशी सिस्टर आल्या, "बाय तेगीरी आज्जी" (कन्नडमध्ये, तोंड उघडा आज्जी) म्हणत टॉर्च मारला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी खालीच बघायला लागलो. जिभेवर पांढरा थर बसलेला.

चार दिवस दात नाही घासले तर वास येईल, अजून काय, असं मला वाटायचं. पण ते फुप्फुसापर्यंत जातंय.

झोपेत थोडी लाळ श्वासनळीत उतरते, धडधाकट माणसाचीसुद्धा, आपल्याला कळतपण नाही. खोकून ती बाहेर पडते, नाहीतर फुप्फुसातली संरक्षणाची यंत्रणा निस्तरते. पेशंटचं तसं नाही, तो उताणा पडलेला, औषधानं गुंगीत, खोकायला गेलं की टाके दुखतात, त्यात ऑक्सिजनचा मास्क आणि तोंडानं श्वास घेऊन तोंड कोरडं ठणठणीत. लाळ म्हणजे तोंडाची रोजची झाडलोट, तीच बंद पडली. दातावरचा चिकट थर एका दिवसात परत जमतो आणि हॉस्पिटलात राहिलं की त्यात तिथले चिवट जंतू पण शिरतात. ते खाली उतरले की न्यूमोनिया. ॲडमिट होऊन ४८ तास उलटल्यावर झाला तर त्याला हॉस्पिटलमधला न्यूमोनिया धरतात.

जपानमध्ये ११ नर्सिंग होममधल्या म्हाताऱ्या माणसांवर दोन वर्षं अभ्यास झाला, १९९९ मध्ये छापून आला. ज्यांचे दात जेवणानंतर दुसऱ्या कुणीतरी घासून दिले त्यांच्यात न्यूमोनिया ११ टक्क्यांना झाला, बाकीच्यांत १९. पुढं २०२३ मध्ये असे १५ अभ्यास एकत्र करून बघितले तर ब्रश केलेल्यांत हॉस्पिटलमधल्या न्यूमोनियाचा धोका साधारण एक तृतीयांशानं कमी निघाला. फायदा सगळ्यात स्पष्ट दिसला तो व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये. आणि दिवसातनं दोनदा घासलं काय, तीनदा घासलं काय, फरक विशेष नाही. म्हणजे सकाळ-संध्याकाळ पुरे.

करायचं काय तर मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, डोक्याकडची कॉट वर उचलायची, दात, हिरड्या, जीभ हळू घासायची आणि पाणी थुंकायला लावायचं. बेशुद्ध असेल, गिळता येत नसेल तर आपण हात लावायचा नाही, सिस्टरना सांगायचं, कारण ते पाणीच श्वासनळीत जाईल. कवळी असेल तर रात्री काढून धुवून पाण्यात ठेवा, पण चहाच्या कपात नको, शेजारच्या कॉटवरच्या आजोबांची तशीच कपाबरोबर गेली होती! आणि नुसत्या माउथवॉशवर भागवू नका, तो थर ब्रशनंच निघतो.

आत्ती मात्र निपाणीची, तंबाखूच्या मुलखातली, म्हणाली ब्रश-बिश नको मला, मिश्री आण. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच की, नाही दिली मी. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, पण सकाळी ब्रश पुढं केला की तोंड तेवढं उघडायची.