रॉबर्ट नावाची माणसं: बुचाच्या तुकड्यापासून क्षयाच्या जंतूपर्यंत

रॉबर्ट हे नाव मूळचं जर्मॅनिक. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्याबरोबर ते तिथे रुजलं. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला धर्मपित्याचं नाव देण्याची रीत होती, त्यामुळे जॉन, विल्यम, टॉमस, रिचर्ड, रॉबर्ट अशी मोजकीच नावं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली. तेव्हा सतराव्या शतकात ऑक्सफर्डच्या एकाच प्रयोगशाळेत दोन रॉबर्ट असावेत, यात नवल नाही. त्यांनी तिथे जे केलं ते मात्र नवलाचं आहे.

पहिला रॉबर्ट बॉइल. आयर्लंडमधल्या गर्भश्रीमंत अर्ल ऑफ कॉर्कचं हे चौदावं अपत्य. दुसरा रॉबर्ट हूक, आइल ऑफ वाइट बेटावरच्या साध्या धर्मगुरूचा मुलगा आणि बॉइलचा पगारी मदतनीस. हूकच्या हातात विलक्षण कसब होतं. काचेच्या मोठ्या गोळ्यातली हवा उपसून काढणारा पंप त्याने बॉइलसाठी बनवला. गोळ्याच्या आत टांगलेल्या घड्याळाची टिकटिक हवा कमी होत गेली तशी विरत गेली. मेणबत्ती विझली. हवा नसली तर काय होतं, हे वादात न अडकता डोळ्यांनी पाहता येऊ लागलं.

पुढचा प्रयोग आणखी साधा. इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराची काचेची नळी, तिचं आखूड टोक बंद. लांब टोकातून पारा ओतायचा आणि कोंडलेली हवा किती आक्रसते ते मोजायचं. नळी इतकी लांब होती की ती जिन्यात उभी करावी लागली. दोन्ही बाजूंच्या पाऱ्याच्या पातळीत सुमारे २९ इंचांचा फरक पडला, म्हणजे वातावरणाच्या दाबाएवढाच आणखी दाब आला, तेव्हा हवेची जागा निम्मी झाली. दाब दुप्पट, आकारमान अर्धं. १६६२ मध्ये छापून आलेला हा बॉइलचा नियम शाळेत प्रत्येकाने पाठ केलेला असतो. त्यामागे हूकचीही मेहनत होती, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

त्याच वर्षी हूक रॉयल सोसायटी या लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेत प्रयोगांचा व्यवस्थापक झाला. दर आठवड्याच्या सभेत तीन-चार नवे प्रयोग करून दाखवायचे, असं ते काम. आणि १६६५ मध्ये त्याचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ आला. उवेचं नि पिसवेचं चित्र घडीच्या मोठ्या पानावर पाहून लोक थक्क झाले. मला त्यातलं बुचाचं पान सर्वांत मोलाचं वाटतं. धारदार चाकूने बुचाचा पातळ काप काढून हूकने तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्याला ओळीने मांडलेले रिकामे कप्पे दिसले. त्यांना त्याने ‘सेल’ म्हटलं. आज आपण पेशी म्हणतो. इथवरची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण हूक तिथे थांबला नाही, त्याने ते कप्पे मोजले. एका इंचाच्या लांबीत १,०८० कप्पे. म्हणजे एका घन इंचात १,२५,९७,१२,००० कप्पे, सव्वाशे कोटींहून जास्त. त्याच्या मोजणीवरून एका कप्प्याची रुंदी सुमारे २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निघते, आणि बुचाच्या पेशी खरोखरच साधारण तेवढ्या असतात. तेलाच्या दिव्याच्या उजेडात, ओबडधोबड भिंगांनी केलेलं हे मोजमाप आहे.

इतकं करूनही हूकचं खात्रीलायक असं एकही चित्र आज उपलब्ध नाही. १७०३ मध्ये तो वारला आणि त्याच वर्षी त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी न्यूटन सोसायटीचा अध्यक्ष झाला. पुढची बरीच वर्षं हूकची आठवण मुख्यतः एक भांडकुदळ माणूस म्हणून राहिली. हा त्याच्यावर झालेला मोठा अन्याय आहे.

हूकला पेशी रिकामी दिसली, कारण बूच हे मेलेल्या पेशींचंच असतं. जिवंत पेशीच्या आतल्या गोल ठिपक्याला नाव देऊन तो वनस्पतींमध्ये सर्वत्र आढळतो असं दाखवलं ते स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्राउनने. हे केंद्रक त्याने १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींमध्ये नोंदवलं. हा माणूस तरुणपणी ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरून ऑस्ट्रेलियाला गेला होता आणि तिथून हजारो जातींच्या वनस्पती घेऊन परतला होता.

ब्राउनचं खरं मोठेपण १८२७ च्या उन्हाळ्यातल्या कामात दिसतं. क्लार्किया नावाच्या रानफुलाच्या परागकणांमधून बाहेर पडलेले अतिसूक्ष्म कण तो पाण्याच्या थेंबात पाहत होता. ते सारखे थरथरत होते, इकडून तिकडे धावत होते. पुस्तकांत सर्रास लिहिलं जातं की परागकण नाचत होते. तसं नव्हतं. परागकण बराच मोठा असतो. हलत होते ते त्याच्या आतले, इंचाच्या चार-पाच हजाराव्या भागाएवढे कण.

आता कुणालाही वाटेल की पराग म्हणजे झाडाचं बीज, तेव्हा त्यात जीव असणार आणि म्हणून ते हलतात. ब्राउनलाही प्रथम तसंच काहीसं वाटलं. मग त्याने वर्षानुवर्षं वाळलेल्या झाडांचे नमुने घेतले. त्यांतले कणही हलले. काच कुटून घेतली, धातू घेतले, खडक घेतले, इजिप्तच्या स्फिंक्सचा एक तुकडासुद्धा चूर्ण करून पाण्यात टाकला. सगळं हललं! पाणी वाफ होऊन उडतं म्हणून प्रवाह तयार होत असतील का? त्याने कण असलेले पाण्याचे थेंब बदामाच्या तेलात कोंडले, म्हणजे वाफ व्हायचा प्रश्नच उरला नाही. हालचाल थांबली नाही. अशी हालचाल त्याच्याआधीही काहींनी पाहिली होती, पण एकेक सोपं उत्तर इतक्या चिकाटीने कुणी बाद केलं नव्हतं. स्वतःचं स्पष्टीकरण त्याने घाईने पुढे रेटलं नाही. १९०५ मध्ये आइनस्टाइनने गणित मांडलं की पाण्याचे अदृश्य रेणू या कणांना सर्व बाजूंनी धक्के देतात. फ्रान्सच्या झाँ पेराँने ते मोजून सिद्ध केलं, आणि अणू-रेणू खरोखर असतात का हा जुना वाद मिटला.

जर्मनीत रॉबर्ट बुन्सेन होता. शाळेच्या प्रयोगशाळेतला बर्नर त्याच्या नावाचा. त्या बर्नरची ज्योत जवळजवळ रंगहीन, म्हणून तिच्यात धरलेल्या क्षाराचा रंग स्वच्छ दिसतो. गुस्ताव्ह किर्खोफसोबत (त्याचंही मधलं नाव रॉबर्टच!) त्याने वर्णपटावरून, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यावरून, मूलद्रव्य ओळखण्याची पद्धत बसवली आणि सिझियम, रुबिडियम शोधली. ही पद्धत लवकरच आपल्याकडे पोहोचली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातून लेफ्टनंट जॉन हर्शेलने वर्णपटदर्शकातून सूर्याच्या कडेच्या ज्वाला पाहिल्या. त्या तप्त वायूच्या आहेत हे त्या ग्रहणात उमगलं.

जर्मनीचाच रॉबर्ट कोख तर खुद्द मुंबईत येऊन गेला. खेड्यातला डॉक्टर असताना त्याने गुरांच्या काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) जंतू सिद्ध केला होता. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्याने क्षयाचा जंतू दाखवला. त्याच्या पुराव्याला तीन पायऱ्या होत्या: रोग्याच्या शरीरात जंतू सापडला पाहिजे, तो शरीराबाहेर शुद्ध वाढवता आला पाहिजे, आणि निरोगी प्राण्याला टोचल्यावर तोच रोग झाला पाहिजे. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो. पहिल्या आठवड्यात काहीच दिसत नाही म्हणून दुसऱ्या कुणी वाढवायला ठेवलेले नमुने फेकून दिले असते. कोखने वाट पाहिली. १८८४ मध्ये कलकत्त्यात त्याने पटकीच्या (कॉलऱ्याच्या) जंतूवर काम केलं. १८९७ मध्ये आफ्रिकेत बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगाचा अभ्यास करून तो थेट प्लेगग्रस्त मुंबईत आला आणि तिथल्या जर्मन पथकाचं काम त्याने हाती घेतलं. त्याच वर्षाच्या जानेवारीत जंतुशास्त्रज्ञ हाफकिनने प्लेगची लस स्वतःला टोचून पाहिली होती.

पण पुराव्याबाबत इतका कडक असलेला हाच कोख एकदा घसरला. १८९० मध्ये त्याने क्षयावर उपाय सापडल्याचं जाहीर केलं आणि त्या औषधात काय आहे ते गुप्त ठेवलं. जगभरातून रोगी बर्लिनला धावले. क्षयाच्या जंतूंचा तो ग्लिसरीनमधला अर्क, ट्यूबरक्युलिन, रोग बरा करत नव्हता. काही रोगी तर दगावले. पण क्षयाच्या जंतूचा संसर्ग झालेल्या माणसाचं शरीर त्या अर्काला ओळखतं, हे पुढे ध्यानात आलं. फ्रेंच डॉक्टर माँटूने त्यावरून त्वचेची चाचणी बसवली. आज आपल्या दवाखान्यांत होणाऱ्या माँटू टेस्टमध्ये त्याच ट्यूबरक्युलिनचं शुद्ध केलेलं रूप हाताच्या कातडीत टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी आलेला फुगवटा मिलिमीटरमध्ये मोजतात.