जहाज कुणासाठी थांबतं?

‘क्रूझचं जहाज प्रवासी परतल्याशिवाय बंदर सोडत नाही,’ असा निरोप जळगाव-धुळ्याच्या सहलीच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. यात अर्धंच खरं आहे. जहाजाकडूनच घेतलेल्या सहलीला उशीर झाला, तर जहाज सहसा थांबतं. स्वतः फेरीबोट पकडून गेलेल्यांसाठी मात्र नाही. भुसावळला पाणी घ्यायला उतरलेल्यासाठी गाडी थांबते का? तिकिटाच्या अटींत हे लिहिलेलं असतं, तिथे वाचून घ्या.

हिशेब उलटा मांडा. समजा, जहाज अथेन्सच्या पिरेअस बंदरात आहे, सुटणार संध्याकाळी 6 ला. चढण्याची शेवटची वेळ साधारण अर्धा तास आधी, म्हणजे 5:30. ती उतरताना शिडीजवळच्या फलकावर पाहा. घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा, मोबाइल स्थानिक वेळ दाखवतो आणि ती वेगळी असू शकते. तुम्ही जवळच्या एजिना बेटावर गेलात, तर तिथून मोठी फेरीबोट सव्वा तास घेते, धक्क्यापासून जहाजापर्यंत अर्धा तास धरा, वर दोन तास राखीव. म्हणजे परतीची फेरी दीडच्या आसपासची. ती चुकली तर पुढची आहे का, हे निघण्याआधीच बघा. जोराच्या वाऱ्यात फेऱ्या रद्द होतात, म्हणून वाऱ्याचा अंदाज आदल्या रात्री नक्की पाहा. पासपोर्टची प्रत आणि जहाजावर रोज मिळणाऱ्या पत्रकावरचा बंदर-एजंटचा (जहाज कंपनीच्या बंदरातल्या माणसाचा) नंबर खिशात हवाच.