व्हिडिओ गेमचे व्यसन व किशोरवयीनांतील निद्राविकार

खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे किंवा वाढणे, या लक्षणांनी ओळखली जाणारी वर्तनविकृती. झोपेच्या तक्रारी तिच्याबरोबर वारंवार आढळतात. निदानाच्या मुख्य निकषांत मात्र त्यांचा समावेश नाही.

संकल्पनेचा उगम नेमका सांगणे कठीण आहे. आर्केड खेळांविषयीची (सार्वजनिक ठिकाणी नाणे टाकून यंत्रावर खेळायचे व्हिडिओ खेळ) तुरळक टिपणे १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातील असावीत. १९९५ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी इंटरनेट-व्यसनाचे निकष मांडले ते थट्टेने. पुढे ते गांभीर्याने घेतले गेले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने (२०१३) ‘इंटरनेट गेमिंग विकृती’ अधिक अभ्यासासाठी राखून ठेवली. तीत १२ महिन्यांत नऊपैकी किमान पाच लक्षणे अपेक्षित आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने अकराव्या रोगवर्गीकरणात (अंमल १ जानेवारी २०२२) तिला पूर्ण मान्यता दिली. पुरावा अपुरा असून निरोगी खेळाडूही रुग्ण ठरतील, असा आक्षेप काही संशोधकांनी २०१७ मध्ये घेतला. तो सर्वस्वी निराधार नाही. केवळ खेळण्याच्या तासांवरून निदान होत नाही, हे दोन्ही वर्गीकरणांना मान्य आहे.

पौगंडावस्थेत जैविक घड्याळ मुळातच उशिराकडे सरकते. १३ ते १८ वर्षे वयात ८ ते १० तास झोप लागते. पडद्याचा निळा प्रकाश दृष्टिपटलातील मेलॅनॉप्सिनयुक्त (प्रकाशसंवेदी रंगद्रव्य असलेल्या) पेशींमार्फत मेलाटोनिन या झोपेच्या वेळेशी निगडित संप्रेरकाचे स्रवण दडपतो. तथापि २०१० मधील एका लहानशा ऑस्ट्रेलियन प्रयोगात झोपण्यापूर्वी खेळलेल्या मुलांना झोप लागण्यास काही मिनिटेच अधिक लागली. त्यामुळे झोपायची वेळच लांबणे हे कारण अधिक ग्राह्य वाटते. सांघिक ऑनलाइन खेळात सामना मध्येच थांबवता येत नाही. बाहेर पडल्यास संघ एका खेळाडूने कमी होतो, गुणांकन घसरते, कधी तात्पुरती बंदीही येते. सामना संपताच पुढच्याची जुळणी सुरू होते. उलट दिशेचा संबंधही नोंदला गेला आहे: झोप न लागणारी मुले रात्री खेळाकडे वळतात.

दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन खेळ बंद केले. झोपेत पडलेला फरक नगण्य असल्याचे काही अभ्यासांत दिसले. २०२१ मध्ये कायदा रद्द करण्यात आला.

उपचारांत बोधात्मक वर्तनोपचार (विचारांच्या व वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती) सर्वाधिक अभ्यासला गेला आहे.