पुढच्या दांडीची गोष्ट : पिकअपला चारही चाकांची ओढ कशी मिळाली

मागच्या चाकांवर चालणारी पिकअप चारही चाकांवर आणायची म्हटलं, की आज जाणता मेकॅनिक एकच सल्ला देतो : ही विका आणि सरळ फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी घ्या. सल्ला योग्यच आहे. पण सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत हेच काम करण्यासाठी तयार किट मिळत होतं आणि ते बसवणं हा रीतसर धंदा होता. मधे काय बिघडलं हे कळायला इंजिनाकडे बघून उपयोग नाही. गाडीखाली आडवं होऊन पुढच्या दोन चाकांमधली दांडी बघावी लागते.

मूळ अडचण साधी आहे. मागचं चाक नुसतं फिरतं, पुढचं चाक फिरता फिरता वळतंही. वळलेल्या चाकाला ताकद पोचवायला नेहमीचा क्रॉस (दोन शाफ्टना कोनात जोडणारा सांधा) लावला, तर कोन वाढेल तसा तो फेरा एकसारखा देत नाही. एकाच फेऱ्यात चाक कधी पुढे धावतं, कधी मागे रेंगाळतं, आणि स्टिअरिंगला हिसके बसतात. विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल गावात ऑटो झॅकाउ आणि त्याचा मेहुणा विल्यम बेसरडिक यांनी यावर गोल उखळीत बसणारा दुहेरी जोड काढला आणि १९०८ साली त्याचं पेटंट मिळवलं. त्यातून उभ्या राहिलेल्या एफडब्ल्यूडी (फोर व्हील ड्राइव्ह) कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात चिखल तुडवत होते. पुढे विसाच्या दशकात आल्फ्रेड झेप्पाने गोळ्यांवर चालणारा जोड आणला. वळतानाही सारखाच फेरा देणारा हा जोड नसता, तर पुढचं काहीच झालं नसतं.

मात्र एफडब्ल्यूडीचे ट्रक मुळातच चार चाकांसाठी बांधलेले होते. ‘दुसऱ्याची गाडी घ्या आणि बदलून द्या’ हा धंदा खऱ्या अर्थाने रुजवला मार्मन-हेरिंग्टनने. १९११ ची पहिली इंडियानापोलिस ५०० शर्यत जिंकणारी गाडी बनवणाऱ्या मार्मन घराण्यातले वॉल्टर मार्मन आणि लष्करी वाहनांतले जाणकार आर्थर हेरिंग्टन यांनी १९३१ मध्ये इंडियानापोलिसलाच ही कंपनी काढली. सुरुवात अवजड ट्रकांपासून झाली. १९३५ पासून त्यांनी फोर्डचे ट्रक बदलायला घेतले आणि लवकरच अर्धा टन माल वाहणारी पिकअपही. फोर्ड निवडण्यात व्यवहार होता : गाडी स्वस्त, सुटे भाग गावोगाव. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेने फोर्डच्या चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) याच कंपनीचे भाग चढवून चिलखती गाड्या बांधल्या आणि त्या उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढल्या.

युद्ध संपलं आणि जीप पाहिलेले जवान घरी परतले. १९४६ मध्ये डॉजने लष्करी ट्रकावरून बेतलेली पॉवर वॅगन बाजारात आणली, १९४७ मध्ये विलिसने चार चाकांवर चालणारा ट्रक. त्याच सुमारास मुंबईत महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली, आपल्याकडची फोर बाय फोरची ओळख तिथली. पण जनरल मोटर्सच्या (जीएम) शेव्हरोले-जीएमसी पिकअपच्या गिऱ्हाइकाला कंपनीकडून असं काही मिळत नव्हतं. ती पोकळी भरली मिनियापोलिसच्या नॅपकोने.

नॅपकोचं ‘पॉवर-पॅक’ किट हा या सगळ्या कहाणीतला माझा आवडता भाग. त्या वेळच्या शेव्हरोले पिकअपला पुढे साधी लोखंडी दांडी होती, दोन बाजूंना पाट्यांवर (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर) बांधलेली. दांडी सोडवायची, तिच्या जागी डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) असलेला अ‍ॅक्सल पाट्यांखाली लावायचा, गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) टांगायची, पुढे ताकद नेणारा एक नवा प्रोपेलर शाफ्ट द्यायचा आणि मागचा आखूड करायचा. चासी कापायची नाही. बरेचसे भाग जीएमचेच असल्याने दुरुस्तीलाही गिऱ्हाईक अडत नसे. हे इतकं सोयीचं ठरलं की १९५६-५७ पासून जीएमने हेच किट कारखान्यात बसवून विकायला काढलं. बाहेरच्याची जुगाडवजा कल्पना कंपनीच्या माहितीपत्रकात जाऊन बसली!

एक पथ्य तेव्हाही होतं, आजही आहे. पुढच्या आणि मागच्या क्राऊन-पिनियनचं, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीचं, प्रमाण एकच हवं. मागे ४.११ आणि पुढे ३.७३ असं बसलं, तर ओल्या मातीत चाकं घसरून निभावतं. कोरड्या डांबरावर दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात, टायर चरचरतात आणि शेवटी काहीतरी तुटतं. प्रमाण सारखं असलं तरी वळणावर पुढची चाकं मोठा फेरा घेतात. म्हणून या गाड्यांचा पुढचा अ‍ॅक्सल चिखलापुरताच जोडायचा. एरवी तो फुकट फिरत राहू नये यासाठी आर्थर वॉर्नने १९४८ पासून जीपसाठी चाक अ‍ॅक्सलपासून हाताने सोडवता येणारे हब विकायला सुरुवात केली.

मग गिऱ्हाइकाला आराम हवासा झाला. १९५९ मध्ये फोर्ड स्वतःच कारखान्यात फोर बाय फोर बनवू लागली. १९६० मध्ये शेव्हरोलेने मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपची दांडीच काढली आणि पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं वरखाली होणारं) दिलं, फोर बाय फोरला मात्र दांडी आणि पाटे ठेवले. इथे वाटा फुटल्या. एकाच नावाच्या दोन गाड्या पुढच्या बाजूने वेगळ्या झाल्या, आणि किटवाल्याला धरायला जागाच उरली नाही. ऐंशीच्या दशकातल्या शेव्हरोले एस-१० पिकअपमध्ये तर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग, फोर बाय फोरला टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई), आणि चासीचा पुढचा भागच निराळा. म्हणून आज हे काम करणारे बहुधा आख्खी फोर बाय फोर चासी आणून तिच्यावर आपली बॉडी चढवतात. जुन्या घराला नवं जोतं घालण्यापेक्षा नव्या जोत्यावर जुनं घर ठेवणं सोपं.

खरं ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे डांबरावरही चारही चाकं कायम ओढणारं, हा निराळाच प्रकार. त्यात पुढच्या-मागच्या फेऱ्यांमधला फरक सांभाळायला मधे आणखी एक डिफरन्शिअल लागतं. १९७३ च्या सुमारास अमेरिकी ट्रकांत अशा ट्रान्सफर केस आल्या, आणि तेलसंकटात पेट्रोल महागल्यावर लोक उलटं किट आणून त्या गाड्या गरजेपुरता पुढचा अ‍ॅक्सल जोडण्याच्या जुन्या पद्धतीवर नेऊ लागले! १९९१ च्या, एस-१०च्याच जातकुळीतल्या जीएमसी सायक्लोन पिकअपने त्याच कल्पनेला वेगळा रंग दिला. टर्बो व्ही-६ इंजिन, २८० अश्वशक्ती, बोर्ग-वॉर्नर ४४७२ ट्रान्सफर केस, ताकद ३५ टक्के पुढे, ६५ टक्के मागे. सुमारे तीन हजार गाड्या बनल्या. पिकअप असूनही हौद्यात ५०० पौंडांपेक्षा, म्हणजे सव्वादोनशे किलोंहून, जास्त माल भरू नका अशी ताकीद होती. हीच ट्रान्सफर केस शेव्हरोले अ‍ॅस्ट्रो व्हॅनमध्येही होती. त्यामुळे सायक्लोन न परवडणारे एस-१० वाले ती काढून घ्यायला भंगारातल्या अ‍ॅस्ट्रोखाली शिरू लागले.